एकाच अक्षवृत्तावर एक बेट पावसात भिजलेलं आणि एक बंदर कोरडं ठणठणीत

मोबाईलवर जगाचा नकाशा उघडा आणि मॉरिशसची राजधानी पोर्ट लुई शोधा. आता तिथून बोट सरळ डावीकडे सरकवत न्या, मादागास्कर, आफ्रिका, मग सगळा अटलांटिक महासागर, मग ब्राझील, बोलिव्हिया, आणि अँडीज पर्वत उतरलात की पॅसिफिकच्या काठावर एक गाव लागेल, इकीके. चिली देशातलं बंदर. ही दोन्ही गावं विषुववृत्ताच्या दक्षिणेला 20 अंशांच्या जरा पुढे आहेत, दोघांच्या अक्षांशात अंशाच्या दहाव्या भागाइतकाही फरक नाही. दोन्ही उष्ण कटिबंधात, दोन्हींच्या दारात समुद्र, दोन्हींच्या पाठीला डोंगर, आणि सूर्य तर दोन्हीकडे वर्षभर अगदी सारखाच फिरतो.

आणि तरीही मॉरिशस बेटावर वर्षाला सरासरी 2000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे मुंबईपेक्षा थोडा कमी, आणि इकीकेमध्ये सरासरी एक-दोन मिलिमीटर. एक-दोन! तेही दरवर्षी नाही, बरीच वर्षं काहीच नाही आणि मग कधीतरी एखादी सर. इकीकेच्या उत्तरेला आरिका नावाचं गाव आहे, तिथे ऑक्टोबर 1903 ते जानेवारी 1918 या काळात मोजण्याइतका पाऊसच पडला नाही. चौदा वर्षांहून जास्त. तिथे 1904 साली जन्मलेलं पोर मिसरूड फुटेपर्यंत पाऊस न बघता मोठं झालं असणार.

मला या जोडीचं फार कौतुक वाटतं कारण शाळेत आपण जे पाठ केलेलं असतं ना, की अक्षांशावरून हवामान ठरतं आणि समुद्र जवळ असला की दमट हवा आणि भरपूर पाऊस, त्या सगळ्याला ही जोडी धक्का देते. वाळवंट म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर राजस्थान येतं, समुद्रापासून लांब, उंट, वाळू, लाही लाही करणारं ऊन. इकीके अटाकामा वाळवंटात आहे, म्हणजे ध्रुवांकडचा भाग सोडला तर जगातल्या सगळ्यात कोरड्या वाळवंटात, आणि हे वाळवंट शेकडो किलोमीटर समुद्राला खेटून उभं आहे. बरं ते गरमही नाही. इकीकेचं सरासरी तापमान 18-19 अंश, पोर्ट लुईत त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त उकडतं.

तर मग गडबड कुठे आहे? बघूया हळूहळू.

पहिली गोष्ट, पाऊस पडायचा तर हवा वर चढायला लागते. हवा वर गेली की पसरते, पसरली की थंड होते, थंड झाली की तिच्यात बाष्प मावेनासं होतं आणि ढग होतो. हवा खाली येत असेल तर उलटं, दाबली जाते, तापते, असलेला ढगही विरून जातो. आता विषुववृत्तापाशी तापलेली हवा वर चढते, तिकडे धो धो पाऊस पाडते, आणि कोरडी झालेली ती हवा उत्तरेला आणि दक्षिणेला सरकून साधारण 20 ते 30 अंशांच्या पट्ट्यात परत खाली उतरते. जगातली बरीचशी मोठी वाळवंटं याच पट्ट्यात आहेत ती काही योगायोगाने नाहीत. आणि आपली दोन्ही गावं याच पट्ट्याच्या काठावर आहेत. म्हणजे खरं बघितलं तर मॉरिशससुद्धा कोरडंच असायला हवं होतं! आश्चर्य इकीकेचं नाहीये, मॉरिशसचं आहे.

ही जी वरून उतरणारी कोरडी गरम हवा आहे ती पातेल्यावर ठेवलेल्या झाकणासारखी असते. खालची दमट हवा वर यायला बघते आणि झाकणाला आपटून थांबते. हे झाकण दोन्हीकडे आहे, फक्त मॉरिशसवर ते वर्षाचा बराच काळ दोनेक किलोमीटर उंचीवर असतं आणि इकीकेला बऱ्याचदा एक किलोमीटरच्याही खाली, घट्ट बसलेलं. सगळा खेळ त्या उंचीचा आहे, आणि ती उंची ठरवतो समुद्र.

मॉरिशसभोवतीचा हिंदी महासागर उबदार आहे, हिवाळ्यात 23 अंशांच्या आसपास, उन्हाळ्यात 27-28 पर्यंत. (तिकडचा उन्हाळा म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल हं, दक्षिण गोलार्धात सगळं उलटं.) उबदार पाण्यावरची हवा खालून तापते, भरपूर बाष्प घेते, खवळते, वर ढकलत राहते, त्यामुळे झाकण उचललं जातं. आणि या हवेला घेऊन येतात आग्नेयेकडून वाहणारे व्यापारी वारे, हे वारे हजारो किलोमीटर नुसत्या मोकळ्या समुद्रावरून येतात, मधे जमीन नाही, डोंगर नाही, त्यामुळे बेटापाशी पोचतात तेव्हा पार ओले असतात.

आता इकीके. तिथल्या किनाऱ्यावरून वाहतो हम्बोल्ट प्रवाह, दक्षिणेकडून, अंटार्क्टिकाच्या बाजूच्या थंड समुद्रातून वर उत्तरेला येणारा. पण नुसता प्रवाह थंड आहे एवढंच नाही, अजून एक भानगड आहे. किनाऱ्याला समांतर दक्षिणेकडून उत्तरेकडे वारा वाहतो, आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे दक्षिण गोलार्धात वाऱ्याने ढकललेलं वरचं पाणी डावीकडे वळतं. उत्तरेकडे तोंड करून उभं राहिलात तर डावी बाजू म्हणजे पश्चिम, म्हणजे किनाऱ्यापासून लांब, समुद्रात. वरचं पाणी असं लांब गेलं की ती जागा भरायला खालचं खोल, थंड पाणी वर येतं. त्यामुळे उष्ण कटिबंधात असूनसुद्धा तिथे समुद्राचं पाणी हिवाळ्यात 16 अंशांच्या आसपास आणि उन्हाळ्यातही जेमतेम 20. थंड पाण्यावरची हवा थंड, जड, ती वर जायचं नाव घेत नाही, आणि तिच्या डोक्यावर ती उतरणारी गरम हवा. खाली थंड वर गरम, याच्याइतकी आळशी रचना हवेत दुसरी नाही. झाकण एकदम फिट्ट.

म्हणून समुद्र जवळ असणं आणि पाऊस मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. समुद्र कुठला, कोमट की गार, हे आधी विचारायला हवं. आफ्रिकेच्या नैऋत्य किनाऱ्यावरचं नामिब वाळवंट असंच आहे, त्याच्या शेजारून बेंग्वेला नावाचा थंड प्रवाह जातो. खंडांच्या पश्चिम किनाऱ्यांना हे असं गार पाणी बऱ्याचदा वाट्याला येतं.

आता डोंगरांकडे येऊ, इथे मला सगळ्यात जास्त मजा वाटते. मॉरिशसचा सगळ्यात उंच डोंगर 828 मीटर. आपल्या सह्याद्रीतले साधे किल्लेसुद्धा याहून उंच असतात. पण तेवढ्यावर काम भागतं, कारण ओला वारा आग्नेयेकडून येऊन बेटाच्या मधल्या पठारावर चढतो आणि चढता चढता पाऊस टाकतो. मधल्या पठारावर काही ठिकाणी वर्षाला 4000 मिलिमीटरपर्यंत आणि पलीकडे उतरल्यावर पश्चिम किनाऱ्यावर जेमतेम 900-1000. सगळं बेट उभं 65 किलोमीटर आणि आडवं 45 किलोमीटर, आणि एवढ्यात एवढा फरक. क्युरपीप हे पठारावरचं गाव साडेपाचशे मीटर उंचीवर, तिथे लोक छत्री घेऊनच निघतात, आणि तिथून वीसेक किलोमीटरवर खाली पोर्ट लुईत कडक ऊन. महाबळेश्वरला धुकं आणि पावसात भिजून पसरणीचा घाट उतरून वाईत आलं की कोरडा रस्ता दिसतो, आणि अजून पुढे माण-खटावकडे गेलं की पाण्यासाठी वणवण, तसंच. फक्त आपल्याकडे पाऊस आणणारा वारा पश्चिमेकडून येतो म्हणून पश्चिम बाजू ओली, त्यांच्याकडे आग्नेयेकडून म्हणून पूर्वेची आणि मधली बाजू ओली.

आणि इकीकेच्या पाठीमागे अँडीज, सहा-सहा हजार मीटरची शिखरं. एवढे मोठे डोंगर म्हणजे पाऊस किती पडायला हवा! पडतोही, पण पलीकडच्या बाजूला. व्यापारी वारे तिथेही पूर्वेकडूनच येतात, अमेझॉनच्या जंगलावरून बाष्प घेऊन, आणि ते सगळं पाणी अँडीजच्या पूर्व उतारावर सांडून टाकतात. भिंत ओलांडून अटाकामात येते ती निथळून कोरडी झालेली हवा. म्हणजे पूर्वेकडून पर्जन्यछाया आणि पश्चिमेकडून गार समुद्र, दोन्ही दारं बंद. छोटा डोंगर पाऊस आणतो, मोठा डोंगर अडवतो, असं ऐकायला विचित्र वाटतं पण डोंगर तेच काम करतोय, आपण त्याच्या कुठल्या बाजूला उभे आहोत एवढाच प्रश्न.

हे डोंगर आले कुठून तेही बघण्यासारखं आहे. अँडीज झाले कारण पॅसिफिकचा तळ दक्षिण अमेरिकेच्या खाली घुसतोय, अजूनही. किनाऱ्यापासून थोडंच लांब समुद्रात जवळजवळ 8000 मीटर खोल खंदक आहे, आणि 1 एप्रिल 2014 रोजी इकीकेजवळ 8.2 क्षमतेचा भूकंप झाला तो याच घुसण्यातून. मॉरिशसचं वेगळं, ते पृथ्वीच्या पोटातल्या एका गरम जागेवर लाव्हा वर येऊन झालेलं बेट, वय साधारण 80 लाख वर्षं. आणि ही गरम जागा आपल्या ओळखीची आहे! आज ती मॉरिशसच्या शेजारच्या रियुनियन बेटाखाली आहे, तिथला ज्वालामुखी अजून जागा आहे, आणि साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी भारताची जमीन याच जागेवरून सरकत उत्तरेला जात होती तेव्हा जो लाव्हा पसरला त्याचा झाला दख्खनचा काळा कातळ. रायगडाचा कडा, अजिंठ्याच्या लेण्यांचा दगड आणि मॉरिशसच्या उसाच्या शेतात रचून ठेवलेले काळ्या धोंड्यांचे ढीग, सगळे एकाच चुलीवरचे. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडची माणसं मजुरीच्या करारावर बोटीत बसून तिकडे गेली आणि पोर्ट लुईच्या घाटावर उतरली तेव्हा त्यांच्या पायाखाली जो दगड आला तो घरच्यासारखाच काळा होता, हे मला कधीपासून कुणाला तरी सांगायचं होतं. त्यांच्या वंशजांमुळे आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते.

अजून एक नातं आहे. मॉरिशसच्या आसपासच्या समुद्राला मास्कारेन बेटांचा भाग म्हणतात, आणि त्याच्या दक्षिणेला हवेच्या जास्त दाबाचं एक मोठं क्षेत्र असतं. जून-जुलैत तिथून निघालेले वारे विषुववृत्त ओलांडतात, सोमालियाच्या किनाऱ्याजवळून वळतात आणि नैऋत्य मोसमी वारे बनून कोकणात येतात. म्हणून आपला मान्सून कसा असेल याचा अंदाज बांधताना हवामानवाले तिकडच्या दाबाकडेही लक्ष ठेवून असतात.

आता पाऊस असण्या-नसण्याने जमिनीचं काय होतं ते बघा. मॉरिशसला लाखो वर्षं पाऊस पडतोय, त्याने दगड कुजवला, माती केली, लाल चिकट माती, आणि मातीतले विरघळणारे क्षार धुऊन समुद्रात नेले. अटाकामात धुणारं कुणी नाही. जे साठलं ते साठून राहिलं. पाण्यात झटकन विरघळणारा सोडियम नायट्रेट हा क्षार, चिलीचा सोरा म्हणतात तो, तिथे जमिनीत थरच्या थर पडून होता, कारण तो वाहून न्यायला पाऊसच नव्हता. एकोणिसाव्या शतकात युरोपच्या शेतीला खत म्हणून आणि बंदुकीच्या दारूसाठी याच सोऱ्याची मागणी वाढली, त्याच्यासाठी 1879 मध्ये चिली, पेरू आणि बोलिव्हिया यांच्यात युद्ध पेटलं, आणि तोपर्यंत पेरूत असलेलं इकीके चिलीकडे गेलं. नंतर जर्मनीत हवेतल्या नायट्रोजनपासून खत बनवायची रीत निघाली आणि सोऱ्याचा धंदा बसला, इकीकेजवळचं हम्बरस्टोन हे कामगारांचं गाव 1960 मध्ये ओस पडलं. आजही तिथल्या पत्र्याच्या इमारती उभ्या आहेत. तीच गोष्ट इकीकेच्या आतल्या भागातल्या एका टेकडीवरच्या माणसाच्या चित्राची, शंभर मीटरहून मोठी आकृती, शेकडो वर्षांपूर्वी जमिनीवर काढलेली, अजून तशीच. आपल्याकडे अंगणातली रांगोळी एका सरीत जाते.

आणि समुद्र? इथे उलटं आहे, आणि हे मला स्वतःला समजायला वेळ लागला. मॉरिशसचं ते फोटोतलं निळं, काचेसारखं पाणी, भोवती प्रवाळाची रांग, बघत राहावं असं. पण पाणी एवढं स्वच्छ दिसतं कारण त्यात सूक्ष्म जीव कमी, पोषण कमी. प्रवाळ अशाच उबदार, स्वच्छ पाण्यात वाढतात. इकीकेचं पाणी गार आणि हिरवट गढूळ, कारण खालून वर येणारं पाणी तळाची पोषक द्रव्यं घेऊन येतं, त्यावर सूक्ष्म वनस्पती, त्यांच्यावर मासळी, मासळीवर पक्षी आणि समुद्रसिंह. पेरू-चिलीचा हा किनारा जगातल्या सगळ्यात श्रीमंत मासेमारीच्या पट्ट्यांपैकी एक आहे. उष्ण कटिबंधातल्या किनाऱ्यावर पेंग्विन दिसतात! जमीन उपाशी आणि समुद्र भरल्या ताटासारखा, आणि दोन्हींचं कारण एकच, ते गार पाणी.

संकटंही दोघांची वेगळी. मॉरिशसला डिसेंबरनंतर चक्रीवादळाची धास्ती असते. फेब्रुवारी 1960 मध्ये कॅरोल नावाच्या चक्रीवादळाने बेटावरची हजारो घरं पाडली, आणि त्यानंतर तिथे काँक्रीटची घरं बांधायची पद्धत जोरात सुरू झाली. वादळच लागतं असंही नाही, 30 मार्च 2013 ला पोर्ट लुईत दोनेक तासांच्या पावसात रस्त्यांचे ओढे झाले आणि 11 माणसं गेली. शेजारच्या रियुनियनवर तर जानेवारी 1966 मध्ये एका दिवसात 1825 मिलिमीटर पाऊस पडल्याची नोंद आहे, चोवीस तासांचा तो जागतिक विक्रम आहे, इकीकेच्या हिशोबाने हजार वर्षांचा पाऊस. अटाकामात वादळं येत नाहीत, पण थोडा जरी पाऊस आला तरी घात होतो, कारण जमिनीवर झाड नाही, गवत नाही, माती धरून ठेवणारं काही नाही. मार्च 2015 मध्ये अटाकामाच्या दक्षिण भागात असा अवचित पाऊस आला, चिखलाचे लोंढे गावांतून गेले आणि बरीच माणसं मेली. त्याच वर्षी नंतर त्या वाळवंटात जमिनीत दडून बसलेलं बी उगवून मैलोनमैल जांभळी-गुलाबी फुलंही आली.

या दोन्ही जागा एकाच माणसाने दहा महिन्यांच्या आत बघितल्या होत्या, चार्ल्स डार्विनने. जुलै 1835 मध्ये त्याचं जहाज इकीकेला लागलं, तेव्हा तिथलं पिण्याचं पाणी 40 मैलांवरच्या पिसाग्वा गावाहून होडीतून पिंपं भरून यायचं आणि विकत घ्यावं लागायचं. एप्रिल 1836 च्या शेवटी तो मॉरिशसला पोचला, पोर्ट लुईमागचा अंगठ्यासारखा दिसणारा डोंगर चढला आणि वरून त्याला हिरवीगार उसाची शेतं दिसली. अक्षवृत्त तेच.

मॉरिशसलाही पाण्याची चिंता नाही असं मात्र समजू नका. तिथला कातळ सच्छिद्र, पाणी झिरपून जातं, नद्या आखूड, त्यामुळे ऑक्टोबरच्या सुमाराला धरणं खाली गेली की नळाला पाणी ठरलेल्या वेळीच येतं, आपल्याकडे मे महिन्यात येतं तसंच. आणि इकीकेचं आज भागतं ते जमिनीखालच्या पाण्यावर, अँडीजवर पडलेला पाऊस आणि बर्फ हजारो वर्षं झिरपत झिरपत खाली साठलेला आहे. त्याच पाण्यावर आतल्या बाजूला पिका नावाची हिरवळ आहे, चहूबाजूंनी वाळवंट आणि मधे आंबे, पेरू आणि छोटी आंबट लिंबं, ही लिंबं चिलीभर प्रसिद्ध आहेत.

आणि धुकं. झाकणाखाली अडकलेला ढग पाऊस देत नाही पण किनाऱ्यावरच्या कड्यांवर येऊन टेकतो, तिथे त्याला कमांचाका म्हणतात. थेंब इतके बारीक की खाली पडतच नाहीत, तरंगत राहतात, पण काही आडवं आलं की त्याला चिकटतात. म्हणून लोकांनी कड्यांवर दोन खांबांमध्ये बारीक जाळी ताणली, थेंब जाळीवर जमतात, ओघळतात, खालच्या पन्हाळीतून टाकीत. इकीकेच्या बरंच दक्षिणेला चुंगुंगो नावाच्या कोळ्यांच्या छोट्या गावाला 1992 पासून असं धुक्याचं पाणी नळाने मिळायला लागलं, रोजचं सरासरी 15000 लिटर. त्याआधी पाणी टँकरने यायचं आणि माणशी मोजून मिळायचं. नळ आल्यावर लोकांनी परसात भाज्या लावल्या, गाव वाढलं, पाण्याची गरजही वाढली, पण वाऱ्याने फाटणारी जाळी सारखी शिवायची कुणी, खर्च कुणी करायचा, हे काही ठरलं नाही, आणि दहाएक वर्षांत जाळ्या बंद पडून गाव परत टँकरवर आलं. धुकं अजूनही त्याच कड्यावर येतं.